तापीच्या उत्तरेची माशीमार

कांतीशेठ गेल्या पावसाळ्यात सुरतेला वारले. खापरच्या पेठेत चौकात जो काळा फळा आहे, त्यावर कोणीतरी खडूने लिहिलं, 'येथील जुने कापड व्यापारी कांतीशेठ यांचे दुःखद निधन.' मी फळ्यापुढे उभी राहून ते दोनदा वाचलं. चूक काहीच नव्हती, तरी खडू हातात घेऊन खाली आणखी चार ओळी लिहाव्यात असं फार वाटलं. पण मी मास्तरीण. फळा दिसला की माझा हात शिवशिवतो हे गावाला माहीत आहे, म्हणून गप्प घरी आले.

त्या चार ओळी इथे लिहिते. चारात मावतील असं वाटत नाही.

माझी नोकरी अक्कलकुव्याच्या ज्युनियर कॉलेजात, जीवशास्त्र शिकवायची, आणि राहणं खापरला. कांतीशेठचं दुकान 'मॅचिंग'चं. म्हणजे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि त्यावर रंगांच्या घड्या. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, डोंगरातून उतरलेल्या बायकांशी त्यांची भिली, आणि सुरतेच्या फोनवर गुजराती. मी शहाद्याकडच्या पाटलांची लेक असल्याने माझ्या वाट्याला अहिराणी आली.

पहिल्यांदा गेले तेव्हा निळा पीस मागितला. शेठनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "कोनता निळा?" मी म्हटलं, निळा म्हणजे निळा. त्यांना वाईट वाटल्याचं चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी अकरा निळे माझ्यापुढे पसरले. मी एक उचलला तर म्हणाले, "आठे देखू नका. बाहेर उनमा देखा. ट्यूबखाले समदाज रंग खोटं बोलतस." हे ते प्रत्येक बाईला सांगत. दिवस कलल्यावर आलेल्या बाईला तर लाल-केशरी पीस दाखवतच नसत. सांजेला लाल काळा दिसतो, उद्या या, असं सांगून बिनदिक्कत परत पाठवत. मुलगा वैतागून सुरतेला गेला त्याचं एक कारण हेही असावं.

मी पीस घेऊन बाहेर उन्हात उभी होते आणि तारेवर एक नीलपंख येऊन बसला. मागून शेठ म्हणाले, "त्याना पंख बत्तीस नंबर. तुमना हातमा शे तो चौतीस." मी वळून पाहिलं. माणूस चेष्टा करत नव्हता.

पक्षी ओळखायची त्यांची तऱ्हा अशी होती. शेडकार्डाच्या पट्ट्या कापून त्यांनी खिशात मावेल असा एक जुडगा केला होता. दुकानाच्या बंद दिवशी ते डोंगरात जात, पक्षी दिसला की जुडगा डोळ्यापुढे धरत आणि नंबर जुळवत. वहीत प्रत्येक पक्ष्यापुढे चिंध्या चिकटवलेल्या असत, पाठीची, पोटाची, शेपटीची. वहीला कापडाच्या खळीचा वास यायचा. पहिल्यांदा ती पाहून मला हसू आलं होतं, आणि घरी आल्यावर नवऱ्याला सांगताना मी बरंच तिखटमीठ लावलं. नंतर त्याच वहीच्या बळावर मी अकरावीला रंगांचे तास घेतले, हेही सांगून टाकते.

मी जीवशास्त्राची आहे कळल्यावर त्यांनी मला एका दुपारी पकडलं. "तुमी शिकाडतस ना? मंग सांगा, स्वर्गीय नर्तकले माशीमारमाईन काढी का टाकं?" मला उत्तर येत नव्हतं. अकरावीच्या पुस्तकात बेडूक आणि झुरळ असतं, लांब शेपटीचा नर्तक पक्षी कुठून येणार? मी काहीबाही बोलले. शेठनी शांतपणे माझी शिकवणी घेतली. पूर्वी उडत्या माशा धरून खाणारे पक्षी लोकांनी एका फळीवर लावले आणि फळीला नाव दिलं माशीमार. मग कोणीतरी कापड उसवून धागा पाहिला. नर्तकाचा धागा निराळा निघाला, तो कोतवाल पक्ष्याच्या सोयऱ्यांत गेला. आणि आपला दयाळ, जो या फळीवर कधीच नव्हता, तो नेमका माशीमारांचा भाऊबंद ठरला. मी पुढे पुस्तकांतून ताडून पाहिलं, सगळं बरोबर होतं. त्यांनाही असले घोळ रोजचेच होते. सुती-टेरीकॉट मिश्र कापड कोणत्या फळीवर लावायचं यावरून त्यांचे वडिलांशी जन्मभर वाद झाले होते.

सुशीलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सगळ्या पक्ष्यांना 'चिडकली' म्हणत. गरुडालासुद्धा. त्यांना पक्ष्यांचं काही नव्हतं, पण शेठ एकटे डोंगरात जातात आणि खायचं विसरतात म्हणून त्या खाकरे आणि थर्मास घेऊन बरोबर जात. जैन असल्याने सूर्यास्तानंतर दोघंही जेवत नसत, त्यामुळे उन्हं कलायच्या आत परतायची घाई असे. देवगोई घाटात एका वळणाखाली नाला आहे, वर आंबा आणि उंबराची गच्च सावली. काकू तिथल्या एका दगडावर बसून डोळे मिटत. शेठ रंग जुळवत. शेजारून वडापच्या जीपा खच्चून माणसं भरून मोलगीकडे चढत असत आणि या दोघांकडे पाहून कोणीतरी हमखास आरोळी ठोके.

काकूंना पोटाचं दुखणं लागलं. सुरतेला उपचार झाले, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्या थंडीत काकूंनी स्वतःच म्हटलं की नाल्यावर जाऊ या. जीप करून शेठ त्यांना घेऊन गेले. त्या दिवशी काकूंनी डोळे मिटले नाहीत. परतायची वेळ टळून सांज झाली तेव्हा समोरच्या फांदीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "ओ दूजो है." हा दुसराच कोणीतरी आहे.

शेठनी पाहिलं. चिमणीएवढा पक्षी, पाठ गडद निळी, गळा आणि छातीही तशीच गडद, आणि पोट पांढरं. आमच्या डोंगरात निळी माशीमार असते, पुष्कळ असते, पण तिची छाती नारिंगी. ही तशी नव्हती. घरी येऊन त्यांनी पुस्तक उघडलं. पांढऱ्या पोटाची निळी माशीमार. नकाशात तिचा प्रदेश म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या घाटांवरून गेलेली एक हिरवी चिंचोळी पट्टी, केरळापासून वर येत येत आपल्याकडच्या सह्याद्रीत संपलेली. तापीच्या पुष्कळ खाली. तापीच्या उत्तरेला, सातपुड्यात, कागद कोरा.

"म्हारो नांव नक्सा में आवैला कांई?" काकूंनी अंथरुणावरून हसत विचारलं. नकाशात नाव येत नाही, ठिपका येतो, असं शेठनी समजावलं. पण पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी जी संस्था आहे, ती दर वर्षी नव्या आणि दुर्मीळ नोंदींची यादी छापते, त्यात पाहणाऱ्याचं नाव असतं. काकू म्हणाल्या, मग चालेल. होळीच्या आत त्या गेल्या.

तेराव्याचं वगैरे त्यांच्यात नसतं, पण दोन आठवड्यांनी शेठ माझ्याकडे आले आणि मुलाने पाठवलेला नवा फोन पुढे ठेवला. त्यात संस्थेचं ॲप होतं. मी नोंद भरली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: प्रथम पाहणार, सुशीलाबाई.

पुण्याहून तपासणाऱ्याचं उत्तर आलं. कोणी तरुण मुलगा असावा, फार अदबीने लिहीत होता. या भागात हा पक्षी आजवर नोंदलेला नाही, फोटो आहे का? शेठनी त्याला चिंध्यांचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, पाठ सत्तेचाळीस नंबर, छाती सत्तेचाळीस, पोट सफेद. त्या बिचाऱ्याला काय वाटलं असेल देव जाणे. त्याने उलट लिहिलं की आपला अनुभव मोठा आहे, पण फोटो, आवाज किंवा मेलेला पक्षी सापडल्यास त्याचा नमुना, असं काहीतरी लागेल. तोवर नोंद 'अप्रमाणित' राहील. छापली जाणार नाही.

तेव्हापासून तीन हिवाळे शेठ प्रत्येक बंदच्या दिवशी नाल्यावर गेले. वय सत्तरीपार, गुडघे गेलेले. वळणावर जोधीबाईची चहाची टपरी होती, तिथे काठी ठेवायची, फोन हातात घ्यायचा आणि त्याच दगडाशेजारी उभं राहायचं. दगडावर ते बसत नसत. मी दोन-चारदा बरोबर गेले. माझा धीर तासाभरात संपे. नारिंगी छातीची दिसे, पुन्हापुन्हा दिसे, आणि मी दाखवायला गेले तर शेठ मान फिरवत. एरवी साध्या सातभाईलाही हात जोडणारा माणूस त्या एका पक्ष्यावर रुसल्यासारखा वागायचा. "ही नही," एवढंच म्हणायचे. मला त्यांची कीव यायची आणि जरा रागही यायचा. तीन वर्षं कोणी एका ठिपक्यासाठी थंडीवाऱ्यात उभं राहतं का? घरी आल्यावर मात्र मी नकाशा उघडून त्या कोऱ्या जागेकडे बघत बसायची.

तिसऱ्या थंडीत, बाजाराच्या दिवशी, मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत असताना शेठचा फोन आला. "मॅडम, पक्षी उना. मरेल शे, पन आख्खा शे."

झालं होतं असं की वळणावर उभ्या असलेल्या जीपच्या काचेवर एक निळा पक्षी आपटून मेला. जोधीबाईला शेठचं वेड माहीत होतं. तिने तो सागाच्या पानात गुंडाळला आणि बाजाराला येताना दुकानात आणून दिला. शेठनी पान उघडून पाहिलं. निळी पाठ, गडद छाती, पांढरं पोट.

मी वर्गातच ओरडले असेन. म्हटलं, "शेठ, कशाला हात लावू नका. समोरच्या दुकानातून बर्फ मागवा, डब्यात ठेवा. मी चारपर्यंत येते. संध्याकाळी पुण्याला फोटो जातील." मुलांचे गुण मी त्या दिवशी कसे दिले ते मलाच माहीत.

चारला पोचले तर शेठ गल्ल्यामागे बसून एका ठाणाची घडी घालत होते. डबा नाही, बर्फ नाही. "पक्षी?" मी विचारलं.

"मी त्याले पुरी टाकं," ते म्हणाले. "नवकार म्हनीसन पुरं. जीव व्हता तो."

कुठे पुरला ते सांगेनात. मी म्हटलं, आत्ता उकरू, अजून काही बिघडलं नसेल. ते मान हलवत राहिले. मी फोटो तरी काढला का म्हणून विचारलं. तोही नाही. मग माझा तोल गेला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत मी त्यांना म्हणाले, "तुमच्या धर्मापायी काकूंचं नाव गेलं, शेठ. तीन वर्षं फुकट गेली. तुम्हीच घालवलंत ते."

शेठची घडी चुकली होती, ती मोडून ते परत घालू लागले. मी निघून आले आणि चार महिने त्या पेठेतून गेले नाही. ब्लाउजपीस अक्कलकुव्याला घेतला. त्या वाक्याची मला आज लाज वाटते, आणि आता ती कोणाजवळ बोलून दाखवायची तेही कळत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कळलं की शेठ दुकान बंद करून मुलाकडे सुरतेला चालले. छातीचं दुखणं निघालं होतं. त्यांनीच निरोप पाठवला, मॅडमना म्हणावं, जायच्या दिवशी येऊन जा.

गेले तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. ठाणांच्या जागी भिंतीवर फिके चौकोन उमटले होते. शेठ एकाच उरलेल्या गादीवर बसले होते, अंग निम्मं झालेलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"मी तुमनाशी खोटं बोलनू, मॅडम," ते म्हणाले. "धरमनं नाव पुढे करं मी."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, मध्ये पाणी पीत. त्या दिवशी पान उघडलं तेव्हा पेठेतली लाईट गेलेली होती. दुकानाच्या आतल्या अंधुक उजेडात छाती गडद दिसली. त्यांनी मला फोन केला. मग सवयीने, कोणत्याही ब्लाउजपीससारखा, पक्षी हातात घेऊन उन्हात गेले. छाती नारिंगी होती. चांगली ठळक नारिंगी. ते परत आत आले, पुन्हा गडद. परत बाहेर, परत नारिंगी. असं तीनदा केलं. शेवटी पाय पाहिले. पांढऱ्या पोटाच्या माशीमारेचे पाय फिके असतात असं पुस्तक सांगतं. याचे काळे होते.

"तिनी देखेल बी हाऊज व्हता," शेठ म्हणाले. "सांज व्हती, गच्च सावली व्हती. मी जगले सांगस, सांजले रंग देखू नका. आनि मीज देखा."

मला बसवेना. मी म्हणाले, शेठ, हा पक्षी वेगळा आणि काकूंनी पाहिला तो वेगळा असू शकतो. एका नाल्यात दोन जाती असू शकतात. मी बाई तावातावाने वाद घालत होते, इतक्या वर्षांत मी स्वतः जे कधी पुरतं मानलं नव्हतं त्याच्या बाजूने.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एखादा पोरनी पेपरमा आसं लिखं, तर तुमी मार्क देश्यात का?"

मी दिले नसते. ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी फोन पुढे केला. नोंद काढून टाका, म्हणाले, आणि पुण्याच्या पोराला लिहा, पाहणाऱ्याची चूक झाली. मी लिहू लागले. दोन शब्द झाले असतील, त्यांनी थांबवलं. "मन्ही चूक, आसं लिखा. तिनी नही. ती फक्त 'दूजो है' म्हनी. नाव मी दिधं." मी तसं लिहिलं. मग नोंद पुसली. पडद्यावर 'नक्की काढायची का' असं विचारतं ना, तिथे माझा अंगठा अडला. शेठनी स्वतः बोट टेकवलं. शेरा, तारीख, काकूंचं नाव, सगळं गेलं. ते थोडा वेळ त्या रिकाम्या पडद्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मीही रडले. ओळखीच्या माणसाला स्वतःच्या हाताने असं काही करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाहेर सुरतेच्या गाडीत सामान चढत होतं. मुलाने दोनदा हाक मारली.

"मंग आते खरी नोंद लिखा," शेठ म्हणाले.

तीच तारीख, तोच नाला. नारिंगी छातीची निळी माशीमार. संख्या, एक. मी पाठवलं आणि नोंद त्याच क्षणी स्वीकारली गेली. ना पुण्याहून प्रश्न, ना फोटोची मागणी. तीन हिवाळे ज्याची वाट पाहिली ती हिरवी खूण एका निमिषात आली. सातपुड्यात त्या पक्ष्याचे शेकडो ठिपके आहेत, त्यात हा कुठे पडला ते शोधूनही सापडलं नसतं. शेठनी विचारलं, नाव कोठे दिसतं? मला सांगावं लागलं की साध्या पक्ष्याच्या नोंदीत बरोबरच्या माणसाचं नाव दिसत नाही. फक्त किती जणांनी पाहिलं तो आकडा दिसतो.

"कितला शे?"

मी फोन त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. निरीक्षक, दोन.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. "दोन शे ना?" असं पुन्हा विचारलं.

"दोन आहे, शेठ."

मग ते उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीला धरत धरत पायऱ्या उतरले. मुलाने पुढचं दार उघडून धरलं होतं, पण ते मागे बसले. काचेतून मला दिसलं, सगळी सीट रिकामी असताना ते एका कडेला, अगदी दाराला टेकून बसले होते. गाडी हायवेच्या वळणाशी जाईपर्यंत ते तसेच होते.